माउई बेट: शेती कंपनीने जमीन सांभाळली म्हणजे नक्की काय केलं?

पाणकळा (धागाकर्ती)

सीएसआरवरच्या (म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीवरच्या) धाग्यात एका आयडीने विचारलं होतं, की कंपनीने शाळेला संगणक दिले, रक्तदान शिबिर घेतलं, झाडं लावली, तर गावाने आणखी काय मागायचं? उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. नोकरीमुळे मी हवाईतल्या माउईवर राहते. इथे हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे आणि अजूनही कोर्टात, मतदानात, लोकांच्या ओसरीवर चालू आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. बेटावरची शेती कंपनी चांगली की वाईट हे तिच्या देणग्यांवरून ठरवू नये. तिने ओढ्यात किती पाणी राहू दिलं आणि धंदा गुंडाळताना जमिनीवर काय मागे ठेवलं, एवढं बघावं. बाकी सगळं त्यानंतर.

माउई म्हणजे हवाईतलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, साधारण १,८८० चौरस किलोमीटर. पूर्वेला हालेआकाला हा तीन हजार मीटर उंचीचा ज्वालामुखी, पश्चिमेला आणखी एक जुना डोंगर आणि मध्ये सपाट मैदान. वारे ईशान्येकडून येतात. हालेआकालाच्या त्या बाजूला वर्षभर पाऊस कोसळतो. मधलं मैदान मात्र डोंगराच्या आडोशाला येतं, त्यामुळे ते माणदेशासारखं कोरडं. ऊन भरपूर, माती कसदार, पाणी नाही.

मिशनऱ्यांच्या घरात वाढलेले सॅम्युअल अलेक्झांडर आणि हेन्री बाल्डविन यांनी १८७६ साली हवाईच्या राजसत्तेकडून (हवाई तेव्हा स्वतंत्र देश होता) पलीकडचं पाणी उसासाठी मैदानात आणायची परवानगी मिळवली. त्याच वर्षी अमेरिकेशी झालेला करार लागू होऊन हवाईची साखर तिथे बिनजकात जायला लागली, म्हणून घाई. बाल्डविनचा उजवा हात त्याच साली कारखान्याच्या चरकात सापडून गेला होता. मालिको दरीत नळ टाकण्यासाठी दोरावरून खाली उतरायला मजूर धजेनात, तेव्हा हा माणूस एका हाताने दोर धरून उतरला. गोष्ट खरी आहे आणि इथे अजून सांगतात. त्याच्या मागून दोर धरून जे उतरले त्यांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत, आणि मला ते लागतं.

पुढच्या चार-पाच दशकांत पाट आणि बोगदे मिळून ७४ मैलांचं जाळं उभं राहिलं. या दोघांच्या ऊस कंपनीची ईस्ट माउई इरिगेशन नावाची पाटकंपनी ते चालवत आली. उसाच्या काळात त्यातून दिवसाला सरासरी १६ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ६० कोटी लिटर पाणी जायचं. त्यातलं बरंचसं पाणी जिथून येतं ते ३३,००० एकर जंगल कंपनीच्या मालकीचं नाही. ते आधी हवाईच्या राजसत्तेचं होतं. १८९३ मध्ये राणीला पदच्युत केलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली, आणि आज ते हवाई राज्य सरकारकडे आहे. दीर्घ मुदतीचे पट्टे संपल्यावर कंपनी वर्षानुवर्षं तात्पुरत्या परवान्यांवर पाणी नेत राहिली.

आता गावासाठी काय केलं ते. पुष्कळ केलं. घरं दिली, दवाखाने चालवले, दुकानं, मैदानं, चित्रपटगृहं. चीन, जपान, पोर्तुगालची बेटं, पोर्तो रिको, कोरिया, फिलिपिन्स इथून माणसं आणली आणि त्यांच्या छावण्या वसवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर काहुलुई गाव आखून कामगारांना स्वतःची घरं विकली. माझ्या शेजारच्या आजी अशाच एका छावणीत वाढल्या. कंपनीबद्दल त्या मायेने बोलतात आणि ती माया खरी आहे. पण छावण्या वंशावार वेगळ्या होत्या, पगारही वेगळे होते, आणि ते बदलायला १९४६ साली सगळ्या बेटांवरच्या सव्वीस हजारांच्या आसपास ऊस कामगारांना ७९ दिवस संप करावा लागला. तो संप सगळ्या वंशांनी एकत्र केला, म्हणून जिंकला.

पाटाच्या दुसऱ्या टोकाला केआनाए आणि वाइलुआनुई ही गावं आहेत. तिथे कालो पिकवतात. कालो म्हणजे आपला अळूच, फक्त भातासारखा खाचरात, वाहत्या पाण्यात लावतात. हवाईच्या लोकांसाठी तो माणसाचा थोरला भाऊ आहे, त्यांच्या मूळकथेत तसं सांगितलंय. ओढ्याचं पाणी वर पाटात गेलं की खाली खाचरं तापतात आणि कंद कुजतो. त्या गावांना कंपनीने कितीही शिष्यवृत्त्या दिल्या असत्या तरी कुजलेला कंद कुजलेलाच.

२००१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांच्या वतीने २७ ओढ्यांसाठी राज्याच्या जल आयोगाकडे अर्ज गेले. निकाल लागला जून २०१८ मध्ये. कालोसाठी महत्त्वाच्या ओढ्यांचं पाणी पूर्ण सोडायचा आदेश झाला. सतरा वर्षं! मधल्या काळात अर्ज करणाऱ्यांपैकी काही वारले. आणि ऊस तर त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये संपला होता. ३६,००० एकरांचा मळा आणि पुउनेनेचा कारखाना, हवाईतला शेवटचा साखर कारखाना, बंद झाला.

तुमच्याकडच्या कारखान्यांचे, खाणींचे, बागायतींचे अनुभव असतील तर जरूर लिहा. फक्त नुसतं "भांडवलदार वाईट" किंवा "विकास हवाच" असं नको.


ऊसकरी_वाळवा

ताई, फार चांगला विषय. मी स्वतः ऊस लावतो म्हणून काही शंका. तिथे ऊस किती महिन्यांचा? पाचट जाळायचे का? आणि पाटपाणी की ठिबक?

आमच्याकडे कारखाना सभासदांचा आहे. कारभारात शंभर दोष असतील, पण सर्वसाधारण सभेत उभं राहून चेअरमनला "हिशोब द्या" म्हणता येतं. तिथे असं काही होतं का?


पाणकळा

ऊसकरीदादा, दोन वर्षांचं पीक. आपल्या आडसालीपेक्षाही लांब. तोडणीआधी उभ्या फडाला आग लावायचे, पाला जळून जायचा आणि मग यंत्राने ऊस काढायचे. काळी राख जवळच्या किहेई गावात घराघरांत पडायची. दम्याच्या मुलांच्या आयांनी त्याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, शेवटी कोर्टातही गेले.

ठिबक मात्र या कंपनीने लवकर आणलं. १९८० च्या दशकातच जवळपास सगळा मळा ठिबकवर होता. हे श्रेय द्यायलाच हवं. पण वाचलेलं पाणी ओढ्याकडे परत गेलं नाही. ते मिळवायला अर्ज, सुनावण्या आणि ती सतरा वर्षं लागली.

सभासद वगैरे नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. मजुराला युनियन होती, ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला काहीच नव्हतं.


अलिबागकरीण

अळूचं वाचून थांबलेच. आमच्या परसात मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू. पाणी थांबलं की पानं पिवळी. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खाचरात लावतात हे नव्हतं माहीत. पानं खातात की कंद?

आणि ओढ्यातल्या माशांचं काय झालं? आमच्याकडे पहिल्या पावसात वलगण चढते, मासे समुद्राकडून आणि नदीतून वर शेतात येतात. ओढ्याला मध्ये भिंत घातली की त्या बाजूची वलगण संपते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.


पाणकळा

दोन्ही खातात मावशी. कंद उकडून कुटतात आणि पोई करतात, ती रोजच्या भातासारखी. पानांत मांस बांधून वाफवतात.


गोड्यापाण्यातला

माझं काम नदीतल्या माशांवर आहे, म्हणून अलिबागकरीण यांच्या प्रश्नाला थोडं सविस्तर.

हवाईच्या ओढ्यांत ओओपू नावाचे मूळचे पाच प्रकारचे मासे आहेत. अंडी ओढ्यात घालतात. पिल्लं फुटली की प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जातात, तिथे काही महिने वाढतात, मग एखाद्या ओढ्याच्या मुखाशी येऊन पुन्हा वर चढतात. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पोटाखालच्या परांची मिळून एक चूषक तबकडी झालेली असते. तिने खडकाला चिकटून ते धबधबे चढतात. हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर आकाका हा शंभर मीटरहून उंच धबधबा आहे, त्याच्याही वर हे मासे सापडतात. तिथल्या कोळंबीची आणि एका गोगलगायीची हीच जीवनकथा.

म्हणजे या जीवांना ओढा डोंगरापासून समुद्रापर्यंत अखंड लागतो. मध्ये शंभर-दोनशे मीटर जरी कोरडे पडले तरी साखळी तुटते. खाली झऱ्यांमुळे पुन्हा पाणी दिसलं तरी उपयोग नाही. "ओढ्यात काही पाणी शिल्लक आहेच की" असं जेव्हा पाणी नेणारा म्हणतो तेव्हा हा मुद्दा लक्षात ठेवा. किती पाणी आहे यापेक्षा ते सलग आहे का, हे आधी विचारायचं.

कालोचंही तसंच. पाणी साधारण २७ अंशांच्या वर गेलं की कंद सडण्याचं प्रमाण वाढतं, असं तिथल्या खाचरांमध्ये केलेल्या मोजणीत दिसलं आहे. थंड राहायला पाणी वाहतं लागतं आणि भरपूर लागतं. खाचरातून गेलेलं पाणी मग परत ओढ्यातच सोडतात, वापरून संपवत नाहीत. मैदानातल्या उसाला नेलेलं पाणी त्या ओढ्यात कधीच परत येत नाही. "शेतीला पाणी दिलं" म्हणताना या दोन शेती एका मापाने मोजल्या जातात, ते बरोबर नाही.


पांझराकाठ

खाचरातून परत ओढ्यात पाणी सोडणं वाचून आमची फड पद्धत आठवली. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर बंधारे, पाट, पाटकरी, कोणत्या फडाला कधी पाणी हे गाव ठरवायचं. ती मोडायला कंपनी लागली नाही, वरच्या अंगाला धरण आणि उपसा पुरला.


शिरीष_निवृत्त

मी आयुष्यभर खाजगी कंपनीत कामगार कल्याण खात्यात काम केलं, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. रागावू नये.

कंपनी ऊस घेत होती तोवर साडेसहाशेहून जास्त कायम नोकऱ्या होत्या. त्या एका वर्षात गेल्या. त्या माणसांनी कुठे जायचं? हॉटेलांत चादरी बदलायला? शेतमजुराला जे वेतन, विमा, निवृत्तिवेतन युनियनने मिळवून दिलं होतं ते लहान शेतकरी देऊ शकणार आहे का? ३६,००० एकर एकसंध, बिगरशेती न होता दीड शतक राहिले, यामागेही कंपनीच आहे. शेती बंद पडली की बेटावर दुसरं गिऱ्हाईक एकच, बिल्डर. हवाई आज ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून आणते. बोट आली नाही तर काय खाणार?

आणि कल्याणकारी कामांना इतकं हलकं लेखू नका, ताई. ज्या गावात दवाखाना नाही तिथे तो कंपनीचा आहे की सरकारचा हे तापाने फणफणलेलं मूल विचारत नाही. मी अशा दवाखान्याच्या औषधांच्या मागण्या स्वतः भरल्या आहेत. ते काम मी मनापासून केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.


पाणकळा

शिरीषकाका, रागावण्यासारखं काही नाही. तुमचा बोटीचा मुद्दा इथल्या प्रत्येक घरात निघतो. आणि दवाखान्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. माझं म्हणणं एवढंच, की दवाखाना आणि ओढा यांची अदलाबदल होऊ नये. दवाखाना दिला म्हणून ओढा नेता येत नाही. तो मुळात कंपनीच्या मालकीचाच नाही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दोन ऊस मळ्यांच्या आपसातल्या भांडणात सांगितलं, की पाणी दोघांचंही नाही, राज्याने ते लोकांसाठी विश्वस्त म्हणून धरलं आहे. १९७८ मध्ये ते राज्यघटनेतच आलं.

कंपनी गेल्यावर काय होतं हा तुमचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर लिहिते.

ऊस बंद झाल्यावर मैदान दोन वर्षं जवळजवळ पडीक होतं. लाल धूळ उडायची, गवत माजलं. जुलै २०१९ मध्ये मध्य माउईत आग लागली आणि सुमारे ९,००० एकर जळाले, त्यात जुने उसाचे फड होते.

पश्चिमेला लाहाइनाच्या वरच्या उतारांवर १८६० पासून पायोनियर मिलचा ऊस होता. तो १९९९ मध्ये बंद झाला. गिनी गवत, बफेल गवत अशी परदेशी गवतं तिथे पसरली. ती पावसात पुरुषभर वाढतात आणि उन्हाळ्यात वाळून कोळ होतात. ८ ऑगस्ट २०२३ ला वादळी वाऱ्यात विजेच्या तारा पडून लागलेली आग गावात शिरली. १०२ माणसं गेली, दोन हजारांवर इमारती जळाल्या. आग तारांमुळे लागली, उसामुळे नाही. पण ती ज्या गवतातून खाली आली ते गवत तिथे का होतं, याचं उत्तर चोवीस वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. लाहाइना एके काळी हवाईच्या राजांची राजधानी होती. तिथे पाणथळ होतं, तळी होती, मधोमध बेटावर राजाचं निवासस्थान होतं. पाणी वर वळलं, तळं दलदल झालं, १९१४ मध्ये भरून टाकलं.

त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी सगळं गमावलं. म्हणून मी मागे काय ठेवलं यावर एवढा जोर देते. कारखाना बंद करताना कामगारांची देणी चुकती केली की हिशोब संपतो असं समजतात. जमिनीचं देणं कुणी मांडतच नाही.

आगीनंतर लगेच राज्य सरकारच्या वकिलांनी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयात असं म्हटलं, की पूर्व माउईच्या ओढ्यांतून किती पाणी न्यायचं यावर खालच्या न्यायाधीशाने मर्यादा घातली होती, त्यामुळे आग विझवायला पाणी कमी पडलं. लाहाइना बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, ते पाणी तिकडे जातच नाही. न्यायालयाने त्या मर्यादेविरुद्धची सरकारची मागणी फेटाळली आणि २०२४ मध्ये त्याबद्दल सरकारला खडसावून पलीकडच्या पक्षाचा वकिलाचा खर्चही द्यायला लावला. दुःखाच्या दिवसांतही पाण्यासाठी कशी धडपड चालते ते यातून दिसलं.


रानवाटा

वाचते आहे. फार अस्वस्थ करणारं. लिहीत राहा.


मीरा_टोरांटो

मध्य माउईची ती जमीन आता कुणाकडे आहे हे कुणी लिहिलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये माही पोनो नावाच्या कंपनीने सुमारे ४१,००० एकर २६ कोटी २० लाख डॉलरना घेतले. तिच्या मागे कॅलिफोर्नियातली एक शेती कंपनी आणि कॅनडाचा पीएसपी हा निवृत्तिवेतन निधी आहे. केंद्र सरकारचे नोकर, सैन्य, पोलीस यांच्या निवृत्तीचे पैसे हा निधी गुंतवतो. माझा नवरा इथे केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. म्हणजे केआनाएच्या ओढ्याचं पाणी आणि आमचं म्हातारपण एका धाग्याने बांधलेलं आहे. हे कळल्यापासून मी निधीचे अहवाल वाचायला लागले. त्यांत जमीन आणि पाणी ही "नैसर्गिक संसाधनं" या सदराखाली येतात. गावाचं नाव शोधत राहिले.

पाणकळा, नव्या कंपनीचं काम प्रत्यक्षात कसं आहे?


पाणकळा

मीरा, मिश्र आहे. बटाटे, लिंबू-संत्री, कॉफी लावली. धूळ कमी झाली, हे मोठंच. इथल्या दुकानांत त्यांचा माल मिळतो आणि लोक घेतात. लहान शेतकऱ्यांना भाड्याने वाफे, शाळांना मदत, अन्नवाटप, हेही करतात. आगीच्या वेळीही मदत केली. मी या कामांना नावं ठेवणार नाही.

पण पाटाची कंपनी अजून या नव्या मालकाच्या आणि जुन्या ऊस कंपनीच्या भागीदारीत आहे, आणि किती पाणी लागणार यावरून दरवर्षी खडाजंगी होते. झाडं लावायच्या आधीच पाणी मागून ठेवायचं आणि ते पाटातून झिरपून वाया जाऊ द्यायचं, यावर लोकांचा मुख्य आक्षेप आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये माउईच्या मतदारांनी काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्हा सरकारच्या) सनदेत दुरुस्ती करून पूर्व माउईच्या पाण्यासाठी लोकांचं प्राधिकरण स्थापायला मंजुरी दिली. ऊसकरीदादा, तुमच्या सर्वसाधारण सभेच्या जवळ जाणारं इथे काही असेल तर हेच.


बियाणेवाला

माउई म्हटलं की मला २०१४ चं मतदान आठवतं. मी बियाणे उद्योगात आहे म्हणून तेव्हा बारकाईने पाहिलं होतं. जनुकबदल पिकांवर स्थगिती आणायचा प्रस्ताव लोकांनी मतदानाला आणला. मोन्सॅन्टो आणि डाऊच्या बाजूने ८० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, तरीही प्रस्ताव थोड्या मतांनी जिंकला. नंतर केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला, कारण हा विषय काउंटीच्या अधिकारात नाही.

त्या काळात कंपन्यांचा प्रचार "आम्ही गावाचे शेजारी" असाच होता. शेजारच्या मोलोकाई बेटावर तर मोन्सॅन्टो सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्यांपैकी होती. आणि त्याच २०१४ मध्ये माउईवरच्या तिच्या संशोधन शेतावर पेनकॅप-एम हे बंदी आलेलं कीटकनाशक फवारलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, एक कोटी डॉलरहून जास्त भरले. जनुकबदल बियाण्याला माझा सरसकट विरोध नाही. पण मजुराला फवारलेल्या शेतात मुदतीआधी पाठवलं जात असेल तर शाळेतल्या बागेचं मला कौतुक सांगू नका. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे आधी बोलायला हवं.


वनवेडी

चांगल्या उदाहरणांबद्दल कुणी लिहीत नाहीये, मी लिहिते. माउईत मी जंगल पुनर्लागवडीच्या कामात काही काळ होते.

पहिलं, पश्चिम डोंगरावरचं पुउ कुकुई. माउई लँड अँड पाइनॅपल या अननस कंपनीने १९८८ मध्ये साडेआठ हजार एकर डोंगरमाथा राखीव ठेवला. वर्षाला नऊ मीटरच्या आसपास पाऊस, जगातल्या अतिवृष्टीच्या जागांपैकी एक. डुकरं बाहेर ठेवायची, परदेशी झाडं काढायची, हे काम अननस बंद पडल्यावरही चालू राहिलं. अननस २००९ च्या शेवटी बंद केला, तर तिथल्याच काही जुन्या लोकांनी हालीइमाइले इथे नवी कंपनी काढून तो पुढे चालवला.

याच कंपनीची दुसरी गोष्ट. होनोकाहुआला समुद्रकाठच्या वाळूत हॉटेलसाठी खोदताना हवाईच्या पूर्वजांची शेकड्यांनी पुरलेली हाडं निघाली. लोक विरोधात उभे राहिले. कंपनीचे प्रमुख कॉलिन कॅमेरॉन यांनी खोदकाम थांबवलं, हॉटेल मागे सरकवलं आणि पूर्वजांना पुन्हा तिथेच ठेवलं. १९९० मध्ये दफनभूमींसाठी राज्यात कायदा झाला. विरोध झाला नसता तर थांबले असते का, हे मला विचारू नका. थांबले, एवढं खरं.

आणि माझं सर्वांत लाडकं, आउवाही. हालेआकालाच्या कोरड्या उतारावरचं हे जंगल उलुपालाकुआ रँचच्या जमिनीवर आहे. गुरांनी आणि किकुयू गवताने ते मरायला टेकलं होतं. म्हातारी झाडं उभी, पण त्यांच्या खाली एक रोप नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्ट मेडेइरोस यांनी १९९७ मध्ये रँचच्या परवानगीने दहा एकरांना कुंपण घातलं. गवत मारलं आणि आआलीइची दाट लागवड केली. ही आपली डोडोनिया, दख्खनमध्ये कुंपणाला लावतात ती. तिच्या सावलीत गवत परत येईना आणि मग जुन्या झाडांच्या बिया आपोआप रुजायला लागल्या. लावणी करणारे सगळे स्वयंसेवक, शाळेतली मुलं, म्हातारे, सुट्टीवर आलेले. मालकाने जमीन दिली, गुरं बाहेर ठेवली आणि कामात लुडबुड केली नाही. २००९ मध्ये त्याच रँचने सुमारे ११,००० एकरांवर बांधकाम कधीच होणार नाही असं कायमचं बंधन लिहून दिलं. पुढच्या पिढीच्या मालकालाही ते मोडता येत नाही.

पाणकळाच्या दोन कसोट्यांत मी ही तिसरी घालेन: कंपनीने स्वतःचे हात बांधून घेतले का? देणगी पुढच्या वर्षी थांबवता येते, असं लिखित बंधन थांबवता येत नाही.

आणि न्याय म्हणून सांगते, पाटाची कंपनीही १९९१ पासूनच्या पूर्व माउई पाणलोट भागीदारीत आहे. लाखभर एकर जंगलात कुंपणं, डुकरांचा बंदोबस्त, मिकोनिया नावाचं घातक झाड उपटणं. जंगल टिकलं तरच तिला पाणी मिळतं, हे खरं. स्वार्थातून झालं तरी जंगल टिकलं.


सेनापती_व्हाकवास

मॉरिशसहून लिहितो. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून इथे ऊस मळ्यांवर मजुरीला आले, म्हणून हे सगळं घरचं वाटलं. इथे युरोपने साखरेचे भाव पाडल्यावर मळेवाल्यांनी काही जमिनी बंगल्यांच्या योजनांत घातल्या. २००२ पासून परदेशी लोकांना तसे बंगले घेता येतात. समुद्रकाठी जायची वाट अरुंद झाली. जे ऊस करत राहिले ते चिपाडावर वीज करतात आणि ती गावाला मिळते. माउईवर चिपाडाची वीज होती का?


पाणकळा

होती. पुउनेनेचा कारखाना चिपाड जाळून स्वतःपुरती वीज करायचा आणि उरलेली बेटाच्या वीज कंपनीला विकायचा. कारखाना गेला तशी तीही गेली. बंगल्यांचं म्हणाल तर पश्चिम माउईत जुन्या अननस-उसाच्या जमिनींवर तेच झालं. तिथल्या हिरवळींना पाणी आणि वरच्या दरीतल्या मूळच्या कुटुंबांना टंचाई, म्हणून २०२२ मध्ये जल आयोगाने लाहाइना भाग आपल्या थेट नियंत्रणात घेतला.


शिरीष_निवृत्त

वनवेडी यांचा लिखित बंधनाचा मुद्दा मला फार आवडला. माझ्या नोकरीत दर नव्या संचालकाबरोबर कल्याण निधीचं डोकं बदलायचं. एकाला शाळा हवी, दुसऱ्याला मंदिर, तिसऱ्याला काहीच नको. गावाला कधी कळायचंच नाही की पुढच्या वर्षी काय मिळणार.

एक विचारतो. ओढ्यात ठरलेलं पाणी खरंच सोडलं जातंय, हे कोण तपासतं?


पाणकळा

काका, आयोग प्रत्येक ओढ्याला ठरावीक जागी किमान प्रवाह ठरवून देतो. काही ओढ्यांवर संघराज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापनकेंद्रं आहेत, त्यांचे आकडे कुणालाही बघता येतात. बाकी ठिकाणी आयोगाची माणसं जाऊन मोजतात, पण ओढे दुर्गम आणि माणसं थोडी. खरी नजर गावकऱ्यांची असते. पाटाच्या मुखाची झडप बंद असायला हवी ती उघडी दिसली की ते फोटो काढून तक्रार करतात. काही जुन्या मुखांचं सिमेंट अजून फोडलेलं नाही, नुसती फळी काढली आहे. ते कायमचं काढा अशी मागणी आहे. फळी परत टाकायला एक माणूस पुरतो.

आणि २०१८ च्या निकालात सगळे ओढे आलेच नाहीत. हुएलोकडचे तेरा ओढे २००१ च्या अर्जातच नव्हते, म्हणून त्यांना तेव्हा संरक्षण मिळालं नाही. त्यांच्यासाठीची लढाई वेगळी चालली आहे. त्या ओढ्यांकाठीही घरं आहेत, खाचरं आहेत. पुढच्या सुनावणीला लोक साक्ष द्यायला जातील तेव्हा मीही जाणार आहे. तिथे काय झालं ते इथेच लिहीन.


ऊसकरी_वाळवा

जरूर लिहा ताई. आणि त्या फळीचा फोटो मिळाला तर टाका, आमच्या पाटाच्या दारावर तीच व्यवस्था आहे.